आजीची मशेरी आणि माझं नोटिफिकेशन

रात्री अकरा वाजता तुमच्या फोनवर ‘भूक लागलीये ना?’ अशा थाटाचा मेसेज येतो, तेव्हा तो माझ्यासारख्याच कुणीतरी पाठवलेला असतो. मी पुण्यात एका फूड डिलिव्हरी अ‍ॅपसाठी कोड लिहितो. आमच्या टीमचं काम सोप्या भाषेत सांगायचं तर, एकदा आलेला माणूस पुन्हा यावा आणि येतच राहावा. त्यासाठी आम्ही दोन गटांना दोन वेगळे मेसेज पाठवतो, कुठल्या गटाने जास्त ऑर्डरी दिल्या ते मोजतो आणि जिंकलेला मेसेज सगळ्यांना लावतो. आमच्याकडे अकराचा मेसेज साडेनऊच्या मेसेजला हरवतो. अकरा वाजता माणूस थकलेला असतो, बऱ्याचदा एकटा असतो आणि ‘नको’ म्हणायची ताकद दिवसभरात खर्च झालेली असते. हे आम्ही कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण टीममधल्या प्रत्येकाला ते माहीत आहे.

याची मला कधी फार टोचणी लागली नव्हती. कुणी जबरदस्ती तर करत नाही, ज्याला नको तो मेसेज पुसून टाकेल, असं मी स्वतःला सांगायचो. मग गेल्या दिवाळीत गावी गेलो आणि हेच हत्यार मी घरच्याच माणसावर चालवलं. तेही तिच्या भल्यासाठी.

*

आमचं गाव कराडजवळ आहे. आजी पंच्याहत्तरीची आहे आणि मला आठवतं तेव्हापासून मशेरी लावते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, चुरून पूड करायची, डबीत भरायची. सकाळी उठल्यावर चिमूटभर तळव्यावर घ्यायची आणि तर्जनीने दातांना, हिरड्यांना चोळत बसायचं. नावाला दात घासणं. खरं तर त्या पंधरा-वीस मिनिटांत निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं. मग ती जेवणानंतर लागते, दुपारी लागते, झोपताना लागते.

दिवाळीत दाढ दुखते म्हणून तिला कराडला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला. असे चट्टे काहींच्या बाबतीत पुढे कॅन्सरकडे जातात, तुकडा काढून तपासायला हवा आणि मशेरी आजपासून बंद, असं त्यांनी सांगितलं. आजीने मान डोलावली. घरी आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर डबी उघडली.

काका म्हणाले, “आता या वयात कशाला छळतोस तिला? राहू दे.” मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. ‘राहू दे’ म्हणणं ऐकायला समजूतदार वाटतं, पण त्यात आदर किती आणि कंटाळा किती, हे म्हणणाऱ्यालाही सांगता येणार नाही. मी ठरवलं, आपल्याला लोकांच्या सवयी लावता येतात, मग सोडवता का येऊ नयेत?

*

हा प्रश्न माझ्या आधी बऱ्याच लोकांना पडलाय, हे नंतर वाचताना कळलं. साबण जसा विकतात तसा बंधुभाव का विकता येऊ नये, अशा अर्थाचा प्रश्न जी. डी. वीबी या अमेरिकी संशोधकाने १९५१-५२ मध्येच विचारला होता. १९७१ मध्ये फिलिप कोटलर आणि जेराल्ड झाल्टमन यांनी या कल्पनेला नाव दिलं, सोशल मार्केटिंग. म्हणजे बाजाराची तंत्रं वापरायची, पण नफ्यासाठी नाही, लोकांच्या हितासाठी.

नाव मिळायच्या आधीच भारतात याचा एक प्रचंड प्रयोग सुरू झाला होता. १९६८ मध्ये सरकारने ‘निरोध’ बाजारात आणला, ३ नगांना १५ पैसे. तो गावोगावच्या दुकानांत पोचवायचं काम चहा, साबण, बॅटरी विकणाऱ्या कंपन्यांच्या वितरण साखळीने केलं. त्यात सिगारेट विकणारी, आजची आयटीसी, हीसुद्धा होती. सिगारेट पोचवणारीच गाडी कुटुंबनियोजनही पोचवत होती. रस्ता तोच, गाडी तीच, फक्त आतला माल वेगळा.

तंत्र चांगलं की वाईट ते मालावर ठरतं, असं यावरून कुणालाही वाटेल. मलाही तेच वाटलं. पिझ्झा खपवायला वापरलं तर थोडं वाईट, मशेरी सोडवायला वापरलं तर चांगलं. इतकं सोपं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

*

मी पहिल्यांदा भीती वापरली. फोनवर तोंडाच्या कॅन्सरचे फोटो शोधले आणि आजीसमोर धरले.

यात माझी काही कल्पकता नव्हती. आपण सगळे त्याच जाहिराती बघत मोठे झालोय. २ ऑक्टोबर २०१२ पासून, तंबाखूची दृश्यं असलेल्या सिनेमाच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर अशी चित्रफीत दाखवणं बंधनकारक झालं. मुकेशची जाहिरात आठवत नाही असा माझ्या वयाचा माणूस मिळणं कठीण. गुटख्यामुळे कॅन्सर होऊन चोविसाव्या वर्षी गेलेला आपल्याच महाराष्ट्रातला मुलगा. त्याचं आपण काय केलं? मीम. कॉलेजात मुकेश नावाचा मुलगा वर्गात आला की मागच्या बाकावरून तो आवाज यायचा. मीही काढलाय. एका मेलेल्या मुलाच्या आवाजाची नक्कल करून आम्ही हसायचो. भीती सारखी सारखी दाखवली की माणूस तिच्यापासून पळण्याची वाट काढतो आणि विनोद ही त्यातली सर्वात जवळची वाट.

याचा अर्थ भीतीचा काहीच उपयोग नाही असा नाही. १ एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटांवर ८५ टक्के जागा इशाऱ्याला द्यावी लागते. २०१८ पासून त्या चित्राबरोबर तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत फोन नंबरही असतो, १८००-११-२३५६. मला हा बदल महत्त्वाचा वाटतो. आधी पाकीट फक्त ‘मरशील’ म्हणत होतं. आता ‘मरशील, पण इथे फोन कर’ म्हणतं.

पण आजीच्या मशेरीला पाकीटच नाही. तंबाखू सुटी येते, तवा घरचा असतो. दातांच्या पेस्ट-पावडरीत तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्येच बंदी केली, पण ती कारखान्याला लागू होते, चुलीला नाही. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा बंद केला, त्याचाही आजीशी संबंध नाही. आणि ती काही एकटी नाही. २०१६-१७ च्या ‘ग्लोबल अ‍ॅडल्ट टोबॅको सर्व्हे’नुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर बिनधुराची तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. आपल्या डोळ्यांसमोर व्यसन म्हटलं की सिगारेटचा धूर येतो. आपल्याकडचं व्यसन मात्र बहुतेक डबीत, पुडीत आणि गालात असतं.

फोटो बघून आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून डबी देवळीतून गायब झाली. मला वाटलं, जमलं. आठवड्याने आईने सांगितलं, डबी आता गोठ्यात असते.

*

मग मी माझं खरं कौशल्य वापरलं.

आमच्या अ‍ॅपमध्ये एक गोष्ट हमखास चालते. सलग किती दिवस आलात ते मोजून दाखवायचं. आकडा वाढला की तो तोडायला जिवावर येतं. मी आजीच्या खोलीतल्या कॅलेंडरला पेन बांधलं आणि सांगितलं, ज्या दिवशी मशेरी लावली नाहीस त्या दिवशी फुली मार. त्याहून जास्त चालणारी गोष्ट म्हणजे जिवाभावाचं माणूस. ताईची मुलगी, चिऊ, पाच वर्षांची आहे. रोज संध्याकाळी तिचा व्हॉइस मेसेज आईच्या फोनवर जायचा, “पणजी, आज नाही ना लावली? प्रॉमिस?” काय बोलायचं ते मी चिऊला शिकवलं होतं. किती वाजता पाठवायचं तेही मीच ठरवलं होतं. रात्रीच्या जेवणानंतर, कारण तेव्हा आजीला सर्वात जास्त तलफ येते.

चाळीस दिवस, चाळीस फुल्या. मी ऑफिसात मित्रांना कॅलेंडरचा फोटो दाखवला. खरं सांगतो, एवढा अभिमान मला कुठल्या रिलीजचा वाटला नव्हता.

संक्रांतीला गावी गेलो. पहाटे पाणी प्यायला उठलो, तर आजी मागच्या दारात पायरीवर बसली होती. तर्जनी तोंडात.

तिने मला पाहिलं आणि ती दचकली. ते दचकणं मी विसरू शकत नाही. ज्या बाईने मला नागडा हिंडताना पाहिलंय, ती स्वतःच्या घरात, स्वतःच्या दारात माझ्याकडे चोरासारखी बघत होती. मग म्हणाली, “चिऊला नको सांगू. पोरीला वाईट वाटंल.”

म्हणजे फुल्या खोट्या होत्या. चाळीसपैकी किती, ते मी विचारलं नाही. तिने मशेरी सोडली नव्हती, पण पाच वर्षांच्या मुलीशी रोज खोटं बोलायची सवय मात्र मी तिला लावली होती.

*

त्या पायरीवर मी तिच्या शेजारी बसलो आणि जे दिवाळीतच विचारायला हवं होतं ते विचारलं. “कधीपासून लावतेस गं?”

“बाहत्तरच्या दुष्काळापासनं,” ती म्हणाली. “खडी फोडायला जायचो. पोटात काय नसायचं. सुकडी मिळायची ती तुझ्या बापाला द्यायची, चार वर्साचा हुता. आन् आपुन मशेरी लावायची. भूक मरायची मग.”

थोडा वेळ गप्प बसली. मग स्वतःच पुढे म्हणाली, “आन् आता म्हणशील तर, ह्या टायमाला मला कोन काय सांगत न्हाय. डबी ठिवली की समद्यांचं सुरू हुतं.”

सोशल मार्केटिंगच्या पुस्तकांत एक शब्द मध्यवर्ती आहे, देवाणघेवाण. माणूस सवय फुकट सोडत नाही. सवय त्याला काहीतरी देत असते आणि ती सोडवायची असेल तर त्या तोडीचं काहीतरी त्याच्या हातात द्यावं लागतं. विक्रेत्याला हे पक्कं कळतं, म्हणून तो आधी गिऱ्हाइकाला काय हवंय ते शोधतो. आपण ‘भलं करणारे’ लोक इथेच आळस करतो. भलं काय ते आपल्याला आधीच माहीत असतं, मग विचारायचं कशाला?

आजीसाठी मशेरी आधी भूक मारायचं साधन होती, नंतर दिवसातली पंधरा मिनिटांची सुट्टी. त्या सुट्टीच्या बदल्यात मी काय देत होतो? कॅन्सरचे फोटो, एक पेन आणि एका लहान मुलीचा हिरमोड.

*

इथे एक आक्षेप येतो आणि तो खोडून काढणं सोपं नाही. निकोटिनने आजीचा मेंदू पन्नास वर्षं धरून ठेवलाय. मग तिच्या ‘स्वातंत्र्या’ची एवढी काळजी कशाला? जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये मांडलं की दुसऱ्याला इजा होत नसेल तर माणसाला त्याच्याच भल्यासाठी भाग पाडू नये. पण आजीने स्वतंत्रपणे असं काय निवडलं होतं? तिने दुष्काळात मशेरी धरली आणि मग मशेरीने तिला धरलं. शिवाय समोरचा पक्ष काही गप्प बसलेला नाही. तंबाखूच्या जाहिरातीवर बंदी आली की त्याच नावाची वेलची येते आणि तिच्या जाहिरातीत सिनेमातले तारे असतात. २०२२ मध्ये अक्षय कुमारने अशा जाहिरातीबद्दल माफी मागून काढता पाय घेतला, पण जाहिराती चालूच राहिल्या. एक बाजू सगळी अस्त्रं वापरत असताना दुसरीने हात बांधून का लढावं?

मला यातलं बरंचसं पटतं. म्हणून कर वाढवणं, पाकिटावर भयंकर चित्र छापणं, शाळेजवळच्या टपऱ्या हटवणं, याला माझा विरोध नाही. पण या सगळ्यांत आणि मी केलं त्यात एक फरक आहे, तो मला फार उशिरा दिसला. पाकिटावरचं चित्र उघड आहे. ते कुणी छापलं, का छापलं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर भांडता येतं, कोर्टात जाता येतं. माझा व्हॉइस मेसेज उघड नव्हता. ‘हा मेसेज चिऊला मी शिकवलाय आणि तुला तलफ येते ती वेळ साधून पाठवतोय,’ असं आजीला सांगितलं असतं तर तो त्याच क्षणी निकामी झाला असता.

कांटने १७९५ मध्ये राजकारणासाठी एक कसोटी सुचवली होती. इतरांच्या हक्कांना हात घालणारी कृती ज्या तत्त्वावर चालते ते तत्त्व जाहीर केल्यावर टिकत नसेल, तर ती कृती अन्याय्य आहे. मला ही कसोटी आमच्या धंद्यासाठीच लिहिल्यासारखी वाटते. तंत्र समोरच्याला समजावून सांगा. समजल्यावरही ते चालत असेल, तर तुम्ही त्याच्याशी बोलत होतात. समजल्यावर बंद पडत असेल, तर तुम्ही त्याला चालवत होतात.

उघडपणे केलेलं काही चालत नाही, हा माझ्या क्षेत्रातला लाडका समज आहे. तो खोटा असल्याचा एक मोठा पुरावा फ्लोरिडात आहे. १९९८ मध्ये तिथे तरुणांसाठी ‘ट्रुथ’ नावाची मोहीम सुरू झाली. पैसा तंबाखू कंपन्यांशी झालेल्या कायदेशीर तडजोडीतून आला होता. ‘सिगारेट ओढू नका’ असं मुलांना सांगणं तिने टाळलं. कंपन्या तुम्हाला कसं फसवतात, त्यांच्या कागदपत्रांत काय आहे, हे तिने दाखवलं. पुढे ती देशभर गेल्यावर न्यूयॉर्कमध्ये एका सिगारेट कंपनीच्या मुख्यालयाबाहेर मृतदेहांच्या पिशव्यांसारख्या पिशव्यांचा ढीग रचला गेला. फ्लोरिडातल्या शाळकरी मुलांचं सिगारेट ओढणं पहिल्या दोन वर्षांत लक्षणीय घटलं. ही मोहीमही मार्केटिंगच होती, रंगीत आणि हुशार. पण तिने पडदा बाजूला करून मुलांना आतली यंत्रं दाखवली आणि पुढचं त्यांच्यावर सोडलं.

*

त्या संक्रांतीच्या दुपारी मी आजीला सगळं सांगितलं. व्हॉइस मेसेज कसा ठरवून पाठवला, फुल्यांची कल्पना कुठून आली. मग माझं काम काय आहे तेही. फोन काढून अकरा वाजताचा मेसेज वाचून दाखवला.

तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हंजी तू बी मशेरीच इकतोस की रं.”

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

चट्टा काय आहे, तपासणी का करायची, तुकडा काढताना किती दुखेल, हे मग मी तिला माहीत होतं तेवढं सरळ सांगितलं. ती दोन दिवसांनी स्वतःहून तयार झाली. रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलंय. चिऊचे मेसेज बंद झाले, म्हणजे मशेरीचे. आता ती पणजीला शाळेतल्या गोष्टी सांगते. पहाटेच्या पायरीवर आई तिला चहाचा कप नेऊन देते आणि काही न बोलता परत येते. ती पंधरा मिनिटं आजीचीच राहावीत, एवढी एक गोष्ट आम्ही मोबदल्यात देऊ शकलो.

ऑफिसात मी एक सूचना मांडली. रात्रीच्या मेसेजखाली बारीक अक्षरांत लिहू या, ‘तुम्ही या वेळी बऱ्याचदा ऑर्डर देता, म्हणून हा मेसेज.’ मीटिंगमधला एक जण हसून म्हणाला, “असं सांगितल्यावर ऑर्डर कोण देणार?” तो गंमत करत होता, पण कांटची कसोटी त्याने एका वाक्यात लावून दाखवली. सूचना बारगळली. मेसेज बंद करायचं बटण चार स्क्रीन आत होतं, ते पहिल्या स्क्रीनवर आणण्यापुरतं मी मिळवलं. नोकरी सोडलेली नाही, घराचा हप्ता आहे. हे मोठेपणाने सांगत नाहीये.

लेख पाठवण्याआधी तो फोनवर आजीला वाचून दाखवला. तो तिच्याबद्दल आहे, तेव्हा तिच्यापासून लपवण्यासारखं त्यात काही उरू नये असं वाटलं. आता ती दिवसातून फक्त पहाटे एकदाच लावते, असं मी शेवटी लिहिलं होतं. तिने मला तिथे थांबवलं.

“एकदा न्हाय. कधी कधी दोनदा हुती. त्ये बी लिव्ह.”

म्हणून तेही लिहिलंय.